‘छायाप्रत काढण्यास सक्त मनाई’ ही पाटी आधी उतरवा

पत्र असं आहे:

‘मॅडम, मी नेरूळच्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल आहे. नोकरीला ३ वर्षं झाली. रुजू झाले तेव्हा आधीच्या सरांनी बजावलं होतं, कॉपीराइटच्या भानगडीत सापडलीस तर कुणी पाठीशी उभं राहणार नाही. म्हणून देवघेव काउंटरवर मी मोठी पाटी लावली: ग्रंथांची छायाप्रत काढण्यास सक्त मनाई आहे. गेल्या २ महिन्यांत मात्र माझी झोप उडाली आहे. विभागप्रमुखांनी १,८०० रुपयांचं पुस्तक अख्खं स्कॅन करून ६० मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला सांगितलं. मी नाही म्हटलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एम.ए.च्या एका अंध विद्यार्थ्यानं पाठ्यपुस्तक स्कॅन करून मागितलं, त्यालाही नाही म्हटलं. तो काही न बोलता काठी टेकत निघून गेला. ठाण्याहून एक निवृत्त शिक्षक जुन्या गॅझेटिअरची काही पानं हवीत म्हणून आले होते, तेही रिकाम्या हातांनी परतले. आणि वर एक दिवस ई-जर्नल्स सगळ्या कॉलेजसाठी बंद झाली. आमच्याकडून एका रात्रीत शेकडो लेख डाउनलोड झाले, असा मेल आला. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मलाच जबाबदार धरलं. मी कायदा पाळते आहे की लोकांना छळते आहे, हेच कळेनासं झालंय. हो कशाला म्हणायचं आणि नाही कशाला, तेवढं सांगा.’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या काठी टेकत गेलेल्या मुलापाशी थांबले. तुम्हीही ते वाक्य सहज लिहिलेलं नाही, हे कळतं. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. तुमच्या चारही प्रसंगांत कायदा सगळ्यांत स्पष्ट आहे तो त्याच्या बाबतीत, आणि तिथंच तुम्ही नाही म्हणालात.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे कोणकोणत्या गोष्टी केल्यानं कॉपीराइटचा भंग होत नाही त्याची यादी. २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा या यादीत ‘झेडबी’ नावाचं पोटकलम आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणतंही पुस्तक किंवा लेख तिला वापरता येईल अशा स्वरूपात आणणं, त्याच्या प्रती काढणं आणि अभ्यासासाठी, संशोधनासाठी किंवा स्वतःच्या वापरासाठी तिला त्या देणं, याला हे पोटकलम मोकळीक देतं. हे करणारा कोण, तर ‘कोणीही व्यक्ती’. तुम्ही करू शकता, त्याचा मित्र करू शकतो, त्याची आई करू शकते. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पुस्तक बाजारात मिळतं की नाही हा प्रश्नही येत नाही. अख्खं पुस्तक चालतं. अट एवढीच की त्यावर नफा कमवायचा नाही. संस्थेनं प्रती काढल्या तर त्या दिव्यांग वाचकांकडेच राहतील आणि बाजारात शिरणार नाहीत, याची काळजी संस्थेनं घ्यायची. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, अंध वाचकांसाठीचा मराकेश करार झाला. २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता. हा हक्क देण्यात आपला देश सगळ्यांच्या पुढे उभा राहिला आणि आपल्या काउंटरवर तो पोचलाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष तुमच्या एकटीचा नाही. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आपल्याला वर्गीकरण, तालिकीकरण घोटून घोटून शिकवतात आणि कलम ५२ एका तासात उरकतात.

पण कायद्यानं हो म्हटलं म्हणजे काम झालं असं नाही. स्कॅनरवर पुस्तक उपडं ठेवून जी पीडीएफ निघते, ती त्याच्या उपयोगाची नसते. ते नुसतं पानाचं छायाचित्र असतं. मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा त्याचा फोन ते उघडतो, ‘चित्र’ म्हणतो आणि गप्प बसतो. अक्षरं अक्षरं म्हणून ओळखली जायला हवीत, म्हणजे स्कॅनवर ओसीआर चालवायला हवं. पान सरळ ठेवा, ३०० डीपीआयवर घ्या, शिलाईकडची ओळ काळ्या सावलीत जाऊ देऊ नका. इंग्रजी मजकूर बहुतेक वेळा नीट उतरतो. मराठी छपाई जुनी असेल तर जोडाक्षरं तुटतात, ‘ष्ट’चं भलतंच काही होतं, रफार उडतो. म्हणून पहिली ५ पानं करा, कानाला हेडफोन लावून फोनकडून स्वतः वाचून घ्या आणि मगच पुढं जा. दोन रकाने असतील तर फोन दोन्हींच्या ओळी एकत्र वाचत जातो, तेही तेव्हाच लक्षात येईल. पानाचा क्रमांक मजकुरात राहू द्या. नाहीतर वर्गात सर म्हणतील, पान ११२ काढा, आणि हा बसून राहील. हे सगळं एकटीला झेपणार नसेल तर त्याच्या वर्गातली दोन मुलं मदतीला घ्या. आणि करण्याआधी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, कदाचित पुस्तक तयारच मिळेल. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी एक केंद्र बरीच वर्षं काम करतंय. एक फोन केलात तर पुष्कळ कष्ट वाचतील.

आता विभागप्रमुखांकडे वळू. इथं तुम्ही नाही म्हणालात ते निम्मं बरोबर होतं.

शिक्षकाला कायद्यानं दिलेली सूट आपल्याला वाटते त्याहून बरीच मोठी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रत हा भंग नाही, असं कलम ५२ म्हणतं. ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे नेमकं किती, यावर दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे झेरॉक्सचं दुकान अभ्यासक्रमातली प्रकरणं एकत्र करून मुलांना त्याचे गठ्ठे द्यायचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त हक्क नाही, समाजाचं ज्ञान वाढावं म्हणून तो दिलेला आहे, असं त्यांनी निकालात म्हटलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठानं पुढचं सांगितलं. शिकवण्याचा ओघ म्हणजे फळ्यासमोरचा एक तास नव्हे, अख्खं सत्र त्यात येतं. किती टक्के पानं चालतील असं मोजमाप कायद्यात नाही, शिकवण्यासाठी त्या मजकुराची खरोखर गरज आहे का एवढं पाहायचं. आणि प्रत शिक्षकानं स्वतःच्या हातानं काढली की दुकानदाराकडून काढून घेतली, यानं फरक पडत नाही. गठ्ठ्यांमधला मजकूर अभ्यासाच्या गरजेपुरताच होता का, हे पुराव्यानं तपासायला खंडपीठानं दावा परत खाली पाठवला होता. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला.

हा निकाल दिल्लीचा आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, पण देशभर त्याचाच दाखला दिला जातो आणि या प्रश्नावर याहून सखोल विचार मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

या निकालातून विभागप्रमुखांना काय मिळतं? प्रकरणं मिळतात. बाजारात मिळणारं अख्खं पाठ्यपुस्तक उचलून वाटायची मोकळीक मिळते असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. आणि व्हॉट्सअॅप ग्रुप ही तर सगळ्यांत वाईट जागा. ग्रुपवर टाकलेली पीडीएफ ६० मुलांपाशी थांबत नाही. रात्रीपर्यंत ती पनवेल ते बदलापूर फिरून येते आणि तिथून एखाद्या टेलिग्राम चॅनेलवर जाऊन बसते. मग तिचा ‘शिकवण्याच्या ओघाशी’ काही संबंध उरत नाही, आणि पहिल्या पानावर शिक्का मात्र तुमच्या ग्रंथालयाचा आणि दाखल क्रमांक तुमच्या वहीतला.

सरांकडे तुम्हीच जा. ते बोलत नसले तरी जा. कायद्याचं पुस्तक घेऊन जाऊ नका, त्यांचा टीचिंग प्लॅन मागा. ‘सर, या सत्रात या पुस्तकातली कोणती प्रकरणं होणार आहेत?’ एवढंच विचारा. माझा अनुभव असा की बारा प्रकरणांच्या पुस्तकातली तीन होतात, फार तर चार. ती स्कॅन करा, वर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि वर्ष स्वच्छ लिहा आणि वर्गाच्या गूगल क्लासरूमवर किंवा मूडलवर ठेवा, जिथं त्या वर्गाचीच मुलं येतात. सत्र संपलं की काढून टाका. उरलेल्या पुस्तकासाठी चार प्रती विकत घ्यायचा प्रस्ताव सरांच्याच सहीनं ग्रंथालय समितीपुढं ठेवा. दोन बुक बँकेत, दोन काउंटरवर राखीव, तिथंच बसून वाचायला. सरांना मुलांच्या हातात पुस्तक हवं आहे. १,८०० रुपये घरून मागणं ज्यांना जमत नाही अशी मुलं त्यांच्यासमोर रोज बसतात. त्यांची कळकळ खरी आहे आणि तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात हे त्यांना दिसू द्या.

एक माझं सांगते. मी ठाण्यात एका महाविद्यालयात नवी नवी लागले होते. दिवा गावातून येणारी एक मुलगी एका संदर्भग्रंथातलं एक प्रकरण झेरॉक्सला मागत होती. संदर्भग्रंथ बाहेर जाणार नाही आणि प्रतही मिळणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तिनं वही काढली. तीन दिवस खिडकीजवळच्या बाकावर बसून तिनं ती २७ पानं हातानं उतरवली. पावसाळ्याचे दिवस होते, चारनंतर तिथं उजेड नसायचा, म्हणून ती बाक हळूहळू दिव्याखाली सरकवत न्यायची. मला तेव्हा स्वतःच्या शिस्तीचा अभिमान वाटला होता. पुढं कधीतरी कलम ५२ मुळातून वाचायला घेतलं. खासगी वापरासाठी, त्यात संशोधनही आलं, रास्त प्रमाणात केलेली प्रत हा भंग नाही, हे वाक्य त्यातल्या पहिल्याच पोटकलमात आहे. त्या मुलीचे तीन दिवस मी विनाकारण घेतले. ती दिसली तर आजही तिची माफी मागेन.

म्हणून सांगते, एखादा विद्यार्थी एक लेख, एक प्रकरण, दोन तक्ते, एक नकाशा स्वतःच्या अभ्यासासाठी मागतो, तेव्हा हो म्हणा. हात आखडू नका. ‘दहा टक्के पानं चालतात’ असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. मीही ते प्रशिक्षण शिबिरांत ऐकलंय. आपल्या कायद्यात असा आकडा कुठंही नाही. चाळीस पानांच्या पुस्तिकेतली चार पानंच तिचा जीव असू शकतात, आणि हजार पानांच्या ग्रंथातली दीडशे पानं एखाद्या प्रबंधाला खरोखर लागू शकतात. कशासाठी हवंय, किती हवंय आणि त्यानं पुस्तकाची विक्री मारली जाते का, हे पाहून ठरवायचं. हे मोजपट्टीनं होत नाही. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या समजुतीनं होतं, आणि त्यासाठीच तर तिथं माणूस बसवलाय.

ठाण्याहून आलेल्या गुरुजींची गोष्ट निराळी आहे. त्यांनी नेमकं कोणतं गॅझेटिअर मागितलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा तेरावा खंड, ठाणे जिल्ह्याचा, १८८२ साली निघाला. तो केव्हाच सर्वांसाठी खुला झालाय. त्यातलं एक पान काय, दोन्ही भाग कुणी अथपासून इतिपर्यंत छापून वाटले तरी हरकत घेणारं कुणी नाही. महाराष्ट्र शासनानं काढलेली ठाणे जिल्ह्याची सुधारित आवृत्ती १९८२ ची. सरकारी प्रकाशनाचं संरक्षण प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं, म्हणजे ते २०४२ अखेरपर्यंत आहे. तरीही स्वतःच्या अभ्यासासाठी त्यातली काही पानं घेणं गुरुजींना मोकळंच होतं. इथं शब्दाचा एक घोटाळा नेहमी होतो. ज्यात अधिसूचना छापून येतात ते शासनाचं राजपत्र, म्हणजे गॅझेट. त्याची प्रत काढायला कायद्यानं आधीच मोकळीक दिली आहे. न्यायालयांचे निकालही तसेच. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याचा माहितीग्रंथ, ते वेगळं. दोन्हींना एका माळेत ओवू नका.

मुदत मोजायची कशी हे एकदा हाताला बसलं की भीती पळते. लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाला लेखक गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं धरायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन ६ डिसेंबर १९५६ चं, म्हणून त्यांच्या हयातीत निघालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून खुले झाले. इरावती कर्वे १९७० साली गेल्या, त्यांची पुस्तकं २०३० संपेपर्यंत संरक्षित आहेत. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांचं लेखन १९९१ अखेर खुलं होणार होतं, तेव्हा घाईनं अध्यादेश काढून ती ६० वर आणली. लेखकाची मुदत संपली तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, अनुवाद यांची मुदत वेगळी चालते, एवढं ध्यानात ठेवा.

खंड जुना असेल, पानं ठिसूळ झाली असतील, तर झेरॉक्सला तुम्ही खुशाल नाही म्हणा. पण कारण खरं सांगा. ‘कॉपीराइट आहे’ म्हणू नका, ‘काचेवर दाबलं तर पाठ तुटेल’ म्हणा. उशीवर पुस्तक ठेवून त्यांना फ्लॅश न मारता फोननं पानांचे फोटो घेऊ द्या. तुमच्याकडचं छापील पुस्तक जतनासाठी स्कॅन करून ठेवायची, आणि भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढायची सोय कायद्यात आहे. पण ती ‘नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी’ आहे आणि त्या शब्दाची व्याख्या कायद्यानं केलेली नाही. गुरुजींसारख्या बाहेरच्या वाचकांना तुम्ही दार उघडं ठेवत असाल तर तुमचं म्हणणं भक्कम होतं. १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला या सोयीचा लाभ घेताना एवढा विचार करावा लागणार नाही.

आता ई-जर्नल्स. मॅडम, खरं कुलूप इथं आहे, आणि तुमची पाटी मात्र छापील पुस्तकांवर लागली आहे.

छापील पुस्तक कॉलेज विकत घेतं, ते आपलं होतं. ई-जर्नल आपण विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेतो, आणि त्या परवानगीचा करार असतो. कायदा मोकळीक देत असला तरी करारात जे कबूल केलं ते पाळावंच लागतं. वापर कुणी करायचा, लॉगिन दुसऱ्याला द्यायचं नाही, सॉफ्टवेअर लावून ढिगानं लेख उतरवायचे नाहीत, ही कलमं जवळपास प्रत्येक करारात असतात. कुणीतरी एका रात्रीत शेकडो लेख उतरवले की प्रकाशकाच्या यंत्रणेला माणूस दिसत नाही, तुमच्या कॉलेजचा आयपी पत्ता दिसतो. सगळा कॅम्पस त्या एका पत्त्यामागे असतो. म्हणून एका मुलाच्या उद्योगापायी सगळ्यांचं दार बंद होतं.

बहुतेक वेळा यात चोरीचा हेतू नसतो. प्रबंधाची तारीख तोंडावर आलेली असते, कुणीतरी ब्राउझरला जोडायचं एक साधन सुचवतं, मुलगा रात्री अकराला ते चालू करून झोपतो. संगणक विभागाकडून त्या रात्रीच्या नोंदी मागवा, मूल सापडेल. त्याला बोलवा, चारचौघांत नको, आणि काय झालं ते समजावून सांगा. मग प्रकाशकाला लिहा: प्रकार कळला, संबंधिताला समज दिली, उतरवलेल्या फायली काढून टाकल्या, पुन्हा होऊ नये म्हणून हे हे केलं. असं सरळ उत्तर गेलं की दार सहसा लवकर उघडतं. हेच उत्तर प्राचार्यांच्या टेबलावर लेखी ठेवा आणि सोबत कराराची प्रत मागा. ती तुम्हाला कुणी दाखवलीच नसेल, असा माझा अंदाज आहे. जो करार वाचायला दिला नाही, तो मोडल्याचा दोष तुमच्यावर येत नाही, हे त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा. करारात ‘वॉक-इन’ वाचकांचं कलम शोधा. ते असेल तर गुरुजींसारखा माणूस ग्रंथालयात येऊन, तुमच्या संगणकावर बसून, लेख रीतसर वाचू शकतो.

लेख कुठंच मिळत नाही म्हणून मुलं साय-हबकडे, म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणाऱ्या संकेतस्थळाकडे, वळतात, हे तुम्हालाही दिसत असेल. दिल्ली उच्च न्यायालयात त्यावर डिसेंबर २०२० पासून दावा चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं ते संकेतस्थळ बंद करायचा आदेश दिला. ग्रंथालयाच्या संगणकावरून ते वापरू देऊ नका. पण मुलांना रागावूही नका. एका लेखाला दोन-तीन हजार रुपये मागितले तर ऐरोलीच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलानं काय करावं? त्याला दुसरी वाट दाखवा. लेखकाला दोन ओळींचा मेल टाकायला शिकवा, पुष्कळ प्राध्यापक आनंदानं आपला लेख पाठवतात. महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्स पुरवणाऱ्या एन-लिस्ट योजनेचं खातं प्रत्येकाला वेगळं काढून द्या. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्यत्व असेल तर तिथून मागवा. प्रबंध असेल तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत २०२५ पासून जवळपास १३,००० जर्नल्स खुली झाली, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांनाच. खासगी महाविद्यालयांतल्या मुलांना त्यातून वगळलं, हे मला पटलेलं नाही. कर त्यांचे आईबापही भरतात.

वाङ्मयचौर्य वेगळं आणि कॉपीराइटभंग वेगळा, हेही मुलांना सांगत चला. नाव देऊन उतरवलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, आणि परवानगी असली तरी नाव गाळता येत नाही.

तुमच्या आधीच्या सरांची भीती अगदीच पोकळ नव्हती. कलम ६३ मध्ये ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे. पण ते जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी आहे. कलम ५२ मध्ये बसणारी गोष्ट मुळात भंगच नसते. तरीही कधी प्रकाशकाची नोटीस आलीच तर स्वतः उत्तर लिहीत बसू नका, त्याच दिवशी ती प्राचार्यांमार्फत कॉलेजच्या वकिलांकडे द्या. आणि प्रत कुणी, कशासाठी, किती पानांची मागितली याची एक साधी वही आजपासूनच ठेवा. तारीख, ओळखपत्र क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, पानं, कारण, सही. उद्या कुणी विचारलं तर तुमच्या बाजूनं ही वही बोलेल.

पाटी उतरवलीत की तिथं हे लावा: ‘अभ्यासासाठी प्रकरण किंवा लेखाची प्रत मिळेल. अख्ख्या पुस्तकाची प्रत मिळणार नाही. दृष्टिबाधित व दिव्यांग वाचकांना संपूर्ण पुस्तक वाचनसुलभ स्वरूपात करून मिळेल. काउंटरवर विचारा.’ खाली तुमचं नाव घाला.

त्या मुलाचा नंबर सदस्यत्वाच्या अर्जावर असेल. पाटी रंगवून येईपर्यंत थांबू नका. आज दुपारीच त्याला फोन करा आणि विचारा, परीक्षेला कोणतं प्रकरण आधी लागणार आहे.